बुधवारची खिडकी

आधीच सांगून टाकतो, सूर्यभान वाईट माणूस न्हाई. वाईट असता तर लय बरं झालं असतं. चार शिव्या हासडल्या असत्या आन् मोकळा झालो असतो. चांगल्या माणसावर जळणं म्हणजे नुसती बेजारी. कुणाजवळ बोलायचीबी सोय न्हाई, ऐकणारा तुमच्याकडंच डोळे बारीक करून बघतो.

मी दत्तराव. ताडकळसला माझी पिठाची गिरणी हाय. सगळ्या दिवशी चालू, बुधवारी बंद. गावातल्या बायका त्याला 'दत्तरावाचा बुधवार' म्हणत्यात आन् नाक मुरडत्यात. एकीनं तर माझ्या बायकोला, सुमनला, तोंडावर विचारलं, "तुमच्या मालकाचं परभणीला काई लफडं हाय का वं?" सुमन म्हणाली, "हाय की. एक न्हाई, चौदा हायत. आन् सगळे चड्डीवर हिंडत्यात."

त्या चौदा जणांचं नाव गोदा वॉरियर्स. कबड्डीच्या लीगमधली आपली टीम, टीव्हीवर दिसती ती. मोसम सुरू व्हायच्या आधी दोन-अडीच महिने ही मंडळी परभणीत येऊन सराव करती. एका कॉलेजचा हॉल घेतलाय त्यांनी. रोजचा सराव बंद दारामागं चालतो, पण बुधवारी तीन ते पाच लोकांना बघायची मोकळीक. आत न्हाई हां. हॉलच्या कडंनं व्हरांडा हाय, त्याला पाच खिडक्या, त्यातनं बघायचं. नियम तीनच. शिट्टी मारायची न्हाई, पोरांना खायला द्यायचं न्हाई, कोचला अक्कल शिकवायची न्हाई. चौथा नियम नंतर आला. तो माझ्यामुळं आला, ते सांगतोच.

दोन नंबरची खिडकी माझी. तसं लिहून दिलेलं न्हाई, पण सगळ्यांना ठाऊक हाय. तिथनं मॅटची मधली रेघ बराबर समोर येती, आन् चढाई करून परतणारा गडी तुमच्याच तोंडाकडं बघत येतो. त्या खिडकीसाठी मी चार वर्षं साडेबाराची बस धरली, उन्हात तास-तास आधी उभा राहिलो. शेजारी मालनबाई असायची. आमच्याच गावची, अंगणवाडीतनं रिटायर झालेली. बाई ओरडली की आतला कोच दचकतो. ती पिशवी भरून भुईमुगाच्या शेंगा आणायची, आमी टरफलं खिशात टाकत बघायचो.

आन् आत महारुद्र. राणीसावरगावचा गडी. बाकीचे चढाईला जात्यात, हा जातो तवा पलीकडचे सात जण आधी मागं सरकत्यात. माझी सुमन राणीसावरगावचीच. महारुद्राच्या बापाची ती भावकीतली बहीण, म्हणजे पोराची आत्या, आन् आत्याचा नवरा आमच्याकडं मामा असतो. पहिल्याच वर्षी मी हे सगळं नातं खिडकीतनं ओरडून सांगितलं होतं. तो हसला आन् म्हणला, "काय मामा, बरं हाय का?" त्याच्यानंतर चार वर्षांत अजून दोनदा म्हणला. हो, मोजून दोनदा.

मला दुसरं काई नको होतं. सही नको, फोटो नको. बुधवारी मॅटवर पाय ठेवायच्या आधी त्यानं दोन नंबरच्या खिडकीकडं बघावं आन् 'मामा' म्हणावं, एवढंच. जगात माणसाला एक तरी गोष्ट अशी असावी जी फक्त त्याची असती. माझी ही होती.

तर सूर्यभान. आमी एका वर्गात होतो, एका मैदानावर खेळलो. मारुतीच्या देवळामागच्या मैदानावर तो पकडीला आन् मी चढाईला. पुढं तो शाळेत शिपाई म्हणून लागला आन् एकतीस वर्षांनी रिटायर झाला. दोन वर्षांमागं बायको गेली, तवापासनं घरात नुसता भिंतीकडं बघत बसायचा. मलाच दया आली. मीच त्याच्या दारात गेलो आन् म्हणलं, "ऊठ, चल बुधवारी माझ्यासंगं." मीच नेलं त्याला! हे माझ्या कर्माचं, दुसऱ्याला दोष देऊन काय फायदा?

पहिल्या बुधवारी त्याला पाच नंबरची, दाराजवळची खिडकी मिळाली. सराव रंगात आला आन् एका गड्याचा पाय मॅटवर जरासा सरकला. घाम सांडला होता. आमाला कुणाला दिसलं न्हाई, कोचला दिसलं न्हाई. सूर्यभानला दिसलं. हा बाबा सरळ दारातनं आत गेला, गुडघ्यावर बसला आन् गळ्यातल्या पंच्यानं ती जागा पुसून काढली. आधी ओलं, मग कोरडं, मग तळहात फिरवून बघितलं. मॅनेजर साहेब बघतच राहिले. "काका, हे कुठं शिकलात?" तर म्हणतो, "शाळेत, साहेब. एकतीस वर्षं फरशी पुसली." त्यांचा पुसणारा माणूस नेमका काम सोडून गेला होता. साहेब म्हणले, "मग दर बुधवारी आतच येत जा."

आता सांगा. चार वर्षं उन्हात मी उभा, आन् आत कोण? आयत्या बिळावर नागोबा!

पुढच्या बुधवारी त्याला टीमचा निळा टी-शर्ट दिला. पाठीवर गोदा वॉरियर्स लिहिलेला. माझ्या घरात चार वर्षांत टीमची साधी टोपी आली न्हाई. आन् येताना बसमधी तो टी-शर्ट मांडीवर घडी घालून बसला आन् मला म्हणतो, "दत्ता, पोरगं लय गोड हाय रे. मला मामा म्हणतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठला मामा? कोणत्या आत्याचा नवरा? मी खिडकीतनं बाहेरचा कापूस बघत बसलो. घरी येऊन सुमनजवळ बोललो तर ती म्हणाली, "तुमाला फरशी पुसायची एवढी हौस असंल तर आपल्या घरची हाय की. तीस वर्षं झाली, एकदा तरी हात लावलाव का?"

कुणाजवळबी बोलायची सोय न्हाई म्हणलं ते ह्याच्यासाठी.

त्याच्यानंतरचे तीन बुधवार मी सराव बघितलाच न्हाई. मी सूर्यभान बघितला. महारुद्र चढाई करून आला की सूर्यभान पुढं होणार, त्याच्या पायाखालची जागा पुसणार. महारुद्र त्याच्या खांद्यावर हात ठेवणार. कायतरी बोलणार, दोघं हसणार. मालनबाई शेंगा पुढं करून म्हणायची, "भाऊ, खा की." मी घ्यायचो आन् न फोडताच खिशात टाकायचो. पोटात दुखायलं होतं, आन् ओवा खाऊन थांबणारं दुखणं न्हाई ते.

मग मला ती माती आठवली.

आमच्या वक्ताला मॅट-बिट काई नव्हतं. परगावच्या जत्रेत खेळायला जाताना मी आमच्या मैदानावरची मूठभर माती रुमालात बांधून न्यायचो. ते काम माझंच असायचं. तिथं गेलं की मधल्या रेघेवर ती माती टाकायची, सगळ्यांनी तिला बोटं लावून कपाळाला लावायची, मग खेळायचं. मग परकं मैदानबी आपलं होतं, असं आमी मानायचो. हरायचो तवाबी मानायचो.

मी म्हणलं, हे सूर्यभानकडं न्हाई. पुसायला काय, कुणीबी पुसंल. पण आपली माती महारुद्रासमोर ठेवली, त्यानं वाकून कपाळाला लावली आन् विचारलं, "कुणी आणली?" तर नाव माझं निघंल.

बुधवारी सकाळीच मैदानावर गेलो, माती रुमालात बांधली आन् खिशात घातली. बसमधी सूर्यभान शेजारीच होता. हॉलवर पोचल्यावर, पुसताना वाकावं लागतं, पडंल म्हणून त्यानं आपला चष्मा माझ्याजवळ दिला. "सांभाळ रे दत्ता." मी सांभाळला.

साडेतीन-पावणेचारला पोरं केळी खायला पलीकडच्या खोलीत गेली, बघणारेबी पाय मोकळे करायला पांगले. सूर्यभाननं तेवढ्यात सगळी मॅट पुसून घेतली, मधली रेघ तर आरशावाणी केली, आन् कपडा पिळायला नळावर गेला. मी दारावरच्या गार्डला म्हणलं, "त्याचा चष्मा द्यायचाय." त्यानं सोडलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या हॉलमधी पाय ठेवला.

खरं तेच सांगतो. रेघेच्या कडंला चिमूटभर टाकायची होती. पण ती चकाचक मॅट बघितली आन् हातच थांबंना. ज्यानं पुसलंय त्याच्या पुसण्यावर माझी माती पडायली, ह्याचं लय बरं वाटलं. सगळी मूठ मोकळी केली. चष्मा खिशातच राहिला. मी परत येऊन दोन नंबरच्या खिडकीत उभा राहिलो.

महारुद्र आला. मी वाट बघायलो, आता वाकंल, आता कपाळाला लावंल. अहो, हे मॅटवर खेळणारं पोरगं. त्याला काय माहीत मातीचं? त्यानं खाली बघितलंच न्हाई. दम धरला, पळत आला, रेघेवर डावा पाय रोवून वळायला गेला आन् तो पाय बर्फावर ठेवल्यासारखा सर्रकन गेला. घोटा मुरगळला. एवढा दांडगा गडी, "आई गं" म्हणून खाली बसला.

मालनबाईच्या हातनं शेंगांची पिशवी पडली.

कोच धावत आला. मॅटवर बोट फिरवलं, बोट काळं झालं. त्याचा आवाज खिडक्या ओलांडून आला, "मॅट पुसली कुणी?"

सूर्यभान ओला कपडा हातात घेऊन उभा होता. तो पुढं झाला, गुडघ्यावर बसला. माती चिमटीत घेतली, नुसती चोळून बघितली. मग मान वर केली आन् दोन नंबरच्या खिडकीकडं बघितलं. मी खिडकीचा गज धरून होतो.

"चुकलं साहेब," तो म्हणला. "माझा चष्मा नव्हता. नजर चुकली माझी."

तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता? पण उघडलं न्हाई. मला वाटलं, ह्याला खरंच दिसलं न्हाई. बिनचष्म्याचं म्हातारं, आपली चूक समजून बसलंय. बरं झालं म्हणलं. तोंडात शेण घालावं असा विचार होता तो, पण आला.

मॅनेजर साहेबांनी त्याला बाहेर काढलं. लय बोलले. "पोराचा घोटा म्हणजे खेळ वाटला का काका?" त्यानं तिथंच टी-शर्ट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. साहेब व्हरांड्यात येऊन म्हणले, "पुढच्या बुधवारी पुसायला कुणी येईल का?"

हात कुणाचा वर गेला असंल, सांगायलाच नको.

तो पुढचा बुधवार. निळा टी-शर्ट माझ्या अंगात. पोटावर जरा घट्ट होत होता, पण होता. कपडा माझ्या हातात. महारुद्र पायाला पट्टी बांधून कडंला खुर्चीवर बसलेला, डॉक्टरनं पंधरा दिवस खेळू नको म्हणलं होतं. मी त्याच्यापासनं चार हातांवर. एवढ्या जवळनं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

आन् काय सांगू, काईच दिसलं न्हाई. पुसणाऱ्याला सराव दिसतच न्हाई! मान सगळा वेळ खाली. पोरांचे बूट दिसत्यात, घामाचे थेंब दिसत्यात. चढाई झाली का पकड झाली, ते वरच्या ओरडण्यावरनं ओळखायचं. गुडघे बोंबलायले. पुसलं तर पाणी जास्त झालं, कोरडं केलं तर फराटे राहिले. एक गडी म्हणला, "काका, तळं केलंय." सगळे हसले. महारुद्र हसला न्हाई, पण मामाबी म्हणला न्हाई.

तेवढ्यात बाहेरनं हळू आवाज आला. "दत्ता. अरे दत्ता. कपडा दोनदा पीळ. आन् रेघेच्या दिशेनं पुसू नको, आडवं पूस."

दोन नंबरच्या खिडकीत सूर्यभान. माझ्या खिडकीत! मालनबाई शेजारी, शेंगांची पिशवी दोघांच्या मधी. त्याच्या तोंडावर राग न्हाई, खुन्नस न्हाई. मॅट नीट व्हावी, पोरं पडू नयेत, एवढंच. आन् महारुद्र खुर्चीवरनं उठला. लंगडत लंगडत, माझ्या शेजारनं गेला, खिडकीपर्यंत गेला आन् गजातनं हात बाहेर काढून म्हणला, "काय मामा, जेवलाव का?"

मी हॉलच्या मधी, हातात फडकं, आन् पुन्हा त्याच माणसावर जळायलो. बाहेर होतो तवा आतल्या सूर्यभानवर, आता आत आलो तर बाहेरच्या सूर्यभानवर.

मी खिडकीशी गेलो. महारुद्र तिथंच होता, तरी बोललो. "सूर्यभान, माती माझी होती."

"माहीत हाय," तो म्हणला.

"काय माहीत हाय?"

"मारुतीमागची माती मला कळत न्हाई व्हय? बारा वर्षं खेळायच्या आधी कपाळाला लावली तुझ्या रुमालातली."

"मग तवा बोलला का न्हाईस?"

सूर्यभाननं मालनबाईकडं बघितलं, बाकीच्या खिडक्यांकडं बघितलं. "बघणाऱ्यानं आत येऊन माती टाकली म्हणलं असतं, तर साहेबांनी खिडक्याच बंद केल्या असत्या. पुसणाऱ्याची चूक म्हणलं की एक पुसणारा जातो. खिडक्या ऱ्हात्यात." मग म्हणला, "आन् तूच मला घरातनं बाहेर काढलंस, दत्ता. तुझं नाव कसं घेऊ?"

मालनबाई माझ्याकडं अशी बघत होती की शेंग फोडायचं विसरली. महारुद्रानं गजातला हात आत घेतला. मी तसाच मॅनेजर साहेबांकडं गेलो आन् सगळं सांगितलं, पहिल्यापासनं, चष्म्यासकट. खिडक्या बंद करू नका, एकटा मीच हाय, म्हणून हात जोडले. साहेबांनी ऐकून घेतलं. टी-शर्ट काढून द्या म्हणले, तो सूर्यभानला परत दिला. या मोसमात परत यायचं न्हाई म्हणले. आन् दारावर चौथा नियम लागला, 'आत माती आणू नये.' बाकीचे लोक तो वाचत्यात आन् हसत्यात, हॉलमधी माती कोण आणंल म्हणत्यात.

परवाच्या बुधवारी मी गिरणी चालू ठेवली. बायका दळण घेऊन आल्या आन् बंद समजून परत निघाल्या, मीच हाका मारून बोलावल्या. तीन वाजले तवा हात ज्वारीत होता आन् डोकं परभणीत. साडेतीनला म्हणलं, आता केळी. चारला म्हणलं, आता सूर्यभान मधली रेघ पुसत असंल. आडवी.

साडेसहाची बस आली. सूर्यभान घरी गेलाच न्हाई, सरळ गिरणीत आला. अंगात निळा टी-शर्ट. पोत्यावर बसला आन् सुरू झाला. कुणी किती चढाया केल्या, कुणाची पकड सुटली, कोच कुणावर खेकसला. मी पट्टा बंद केला आन् ऐकलं. मला म्हणायचं होतं, तू पुसायलास तर तुला एवढं दिसलं कसं? मला तर नुसते बूट दिसले. पण म्हणलं न्हाई.

शेवटाला तो उठला, अंगावरचं पीठ झटकलं आन् जाता जाता म्हणला, "हां, महारुद्रानं तुला विचारलं."

"काय विचारलं?"

"मामा का आले न्हाईत, म्हणला. मी म्हणलं, मी इथंच हाय की रे. तर म्हणला, तुमी न्हाई. मातीवाले मामा."

मी पिठाच्या डब्याचं झाकण लावत बसलो, लागतच नव्हतं. सूर्यभान गेला.

खरंच म्हणला असंल का महारुद्र? ज्याच्या घोट्याचं वाटोळं केलं तो मला विचारंल का? का माझं तोंड बघून ह्यानंच बसमधी बनवून आणलं? मी अजून विचारलं न्हाई, विचारणारबी न्हाई. खरं असंल तर मी दुनिया जिंकली. आन् खोटं असंल, तर असलं खोटं बोलायचं मला आयुष्यात कधी सुचलं नसतं. तेबी त्यालाच सुचलं.